बाई घर बघायला निघाल्या

"ती ऐकतेय," धाकटी म्हणाली.

"ऐकू दे. तिच्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे?" दादाने माहितीपत्रकाची घडी उलगडली आणि दोन्ही हातांनी टेबलावर सपाट केली. हिरवळ, पांढरी इमारत, बाकावर बसून हसणारी दोन म्हातारी माणसं. "उद्या दुपारपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत. त्यानंतर नाही."

खिडकीपाशी आई शिकवणीच्या गाड्यांच्या लाल अक्षराच्या पाट्या पुसत बसली होती. दर रविवारी सकाळी ती हेच करायची. ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून, म्हणजे अडतीस वर्षं. फक्त आज मघापासून एकच पाटी तिसऱ्यांदा पुसून होत होती. अर्ध्या शहराला तिने गाडी शिकवली होती. रस्त्यात अनोळखी माणसं अजून तिला 'बाई' म्हणून हाक मारत आणि आपोआप ताठ उभी राहत.

"एकोणीस दिवस झाले," दादा म्हणाला. "फाटकवाल्याने तिला ओढून बाहेर काढलं नसतं तर आज आपण चौघं इथे वेगळ्याच कारणासाठी जमलो असतो."

आईने सकाळी सगळे उठायच्या आत गाडी काढली होती. रेल्वेच्या फाटकात, बरोबर रुळांवर ती थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि शेजारच्या रिकाम्या सीटला सांगितलं, 'उतर आता, जागा बदलू.' हे फाटकवाल्याने सांगितलं, म्हणून कळलं.

"मी काय म्हणतो," मामाने घसा खाकरला. तो आईचा धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक. "ताईला चार महिने माझ्याकडे राहू दे."

"मामा, तू हे दोन वर्षं म्हणतोयस," दादा म्हणाला.

"म्हणतोय म्हणजे मनात आहे ना!"

वहिनीला हसू आलं. दादाने तिच्याकडे बघितलं तसं तिने ते चहाच्या कपात बुडवलं.

"ती कुठेही जाणार नाही," धाकटी म्हणाली. "मी आहे ना इथे. स्कूल मी चालवते, घर मी चालवते, आईलाही मीच बघेन."

"तू दिवसाचे नऊ तास गाडीत असतेस."

"तास कमी करीन."

"आणि रात्री? आणि तू आजारी पडलीस तर?"

"तुला काय त्रास होतोय रे दादा? महिन्यातून दोनदा येतोस, दाराची कडी तपासतोस, गॅसची नळी तपासतोस आणि जातोस. तू लिफ्टची तपासणी करतोस तशी आईचीही करून जातोस!"

"तपासतो म्हणूनच माणसं मरत नाहीत," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाही वर कर," वहिनी एकदम धाकटीला म्हणाली.

"काय?"

"डाव्या हाताची बाही वर कर. दोन आठवडे तू उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे घालतेयस."

धाकटीने हात मागे घेतला. "दारावर आपटला."

"दाराला चार बोटं नि एक अंगठा नसतो," खिडकीपाशी बसूनच आई म्हणाली.

सगळे वळले. आईने पाटी खाली ठेवली, फडक्याची घडी घातली, आणि ती उठून टेबलापाशी येऊन उभी राहिली. बसली नाही.

"तो हात मी धरला होता. केव्हा, ते आठवत नाही. का, तेही आठवत नाही. पण बोटं माझी आहेत. एवढं मला अजून ओळखता येतं."

"आई, तू घाबरली होतीस. न्हाणीघरात. काही झालं नाही."

"तू गप्प बस. दादा, तू माझ्या परीक्षेत किती वेळा नापास झालास?"

दादा गोंधळला. "आई, हा विषय आत्ता..."

"दोनदा. आणि ही तुझी बायको तीनदा."

"चारदा," वहिनी म्हणाली. ती इथे गाडी शिकायला म्हणून आली होती, आणि शिकवणीच्या गाडीऐवजी या घरातच कायमची बसली होती.

"सरकारी परीक्षेच्या आधी माझी परीक्षा. आणि माझ्या परीक्षेत मी कोणाची गय केली नाही. पोटच्या पोराचीही नाही. आता तुम्ही माझी परीक्षा घेताय, तीही माझ्याकडे पाठ करून?" तिने ते माहितीपत्रक उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं. "कुठे आहे हे? मला दाखवा. मी बघणार, मी विचारणार, ठरवणारही मीच."

"आई," दादा हळू म्हणाला, "तुला नंतर आठवणार नाही गं."

मामाने मान खाली घातली.

"नाही आठवणार," आई म्हणाली. "म्हणून आजच जायचं. आज डोकं जागेवर आहे. माझे बूट कुठे आहेत?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय," वहिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "सकाळच्या वेळी त्या स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतात. कागद माझ्या पर्समध्ये आहे."

"तुझ्या पर्समध्ये? कधीपासून?"

"गुरुवारपासून. तू विचारलं नाहीस."

धाकटी दोघांकडे बघत राहिली. इतका वेळ तिला वाटत होतं, टेबलाच्या त्या बाजूला दोघं आहेत आणि या बाजूला ती एकटी. आता त्या बाजूची एक खुर्ची सरकली होती. पण ती तिच्या बाजूला आली नव्हती. वहिनी आईच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

*

वहिनी मागच्या सीटवर, नवरा शेजारी. पुढे धाकटी चालवत होती आणि डाव्या सीटवर, शिकवणाऱ्याच्या जागेवर, सासूबाई. मामा घर सांभाळायला मागे राहिला होता.

"तिच्या पायाखाली ब्रेक आहे," दादा कुजबुजला.

"ब्रेकच आहे. गाडी पळवायचं काही नाहीये ना तिथे?"

"सूनबाई, त्याला सांग पट्टा लावायला," सासूबाई पुढून म्हणाल्या. नवऱ्याने निमूटपणे पट्टा लावला.

बाजाराच्या वळणावर गाडी एकदम जागीच थांबली. धाकटीचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत. क्षणभराने एका उभ्या ट्रकच्या आडून सायकलवाला बाहेर आला आणि त्यांच्या बोनेटसमोरून निघून गेला. त्याने मान वळवूनही बघितलं नाही.

"ट्रकच्या खालून चाक दिसत होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी नेहमी सांगते, ट्रकच्या खालून बघ."

दादाने वरची मूठ घट्ट धरली होती ती सोडली.

टेकडीवरचं ते घर माहितीपत्रकात होतं तसंच होतं, हे वहिनीला कबूल करावं लागलं. फरशी आरशासारखी. कुठेही वास नाही. व्यवस्थापिका मऊ आवाजाची, मोत्याच्या रंगाचा कोट घातलेली. तिने दादाशी हात मिळवला, मग धाकटीशी, आणि सासूबाईंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"आजींना काय काय आवडतं?" तिने दादाला विचारलं.

"आजी इथेच उभ्या आहेत," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना विचारा."

"हो ना, हो ना! किती गोड आहेत!"

वहिनीने पटकन सासूबाईंकडे बघितलं. आयुष्यात त्यांना गोड म्हणणारं हे पहिलंच माणूस असावं.

लांब व्हरांड्यातून सगळे चालत गेले. दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांत म्हातारी माणसं, नीट विंचरलेली, नीट झाकलेली. कोणीतरी बोलतंय असं एकही नाही. व्हरांड्याच्या टोकाला पुस्तकांनी भरलेलं एक कपाट होतं. सासूबाई त्याच्यासमोर थांबल्या. बोट लावून बघितलं. कपाट नव्हतं, रंगवलेलं चित्र होतं.

"हे काय?"

"ते बाहेरचं दार आहे," व्यवस्थापिका दादालाच म्हणाली. "या लोकांना दार दिसलं की ते अस्वस्थ होतात, बाहेर जायचा हट्ट धरतात. म्हणून आम्ही त्यावर चित्र काढून घेतलंय. आता कोणाच्या लक्षातही येत नाही. फार शांत असतात."

"म्हणजे तुम्ही दार लपवता."

"लपवत नाही हो आजी. त्रास कमी करतो."

"दार आहे हे कळलं, की माणूस निदान म्हणतो, मला बाहेर जाऊ दे. दारच नाही म्हटल्यावर तो काय म्हणणार? मीच वेडी, असं म्हणणार." सासूबाईंचा आवाज चढला. खुर्च्यांतली दोनतीन डोकी हलली. "कुलूप लावा. खुशाल लावा. कुलूप मला समजतं. पण लपवाल, तर जन्मभर मी भिंती चाचपत बसेन."

"आई, हळू," दादा म्हणाला.

व्यवस्थापिकेचं हसू जागचं हललं नाही. "सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं. तुमच्या चिरंजीवांनी शुक्रवारी फोनवर होकार दिल्यापासून आम्ही बारा नंबरची खोली रंगवायला घेतलीय. एकदा बघून तर घ्या."

वहिनीने नवऱ्याकडे वळून बघितलं. आज सकाळी टेबलाशी बसून तो 'उद्या दुपारपर्यंत' म्हणत होता.

"होकार?" धाकटीने भावाकडे बघितलं. "तू आधीच होकार दिला होतास?"

"जागा जाऊ नये म्हणून. नंतर नाही म्हणता आलं असतं."

"कोणाच्या वतीने?" सासूबाईंनी विचारलं. अगदी साधेपणाने, वाट विचारावी तसं. "होकार द्यायला माझं तोंड गेलं होतं का रे?"

दादाने नजर फरशीकडे वळवली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, वहिनीने त्याला असं नजर चुकवताना कधी बघितलं नव्हतं. तिला त्याची दया आली. आणि दया आली तरी ती बोलली.

"मी हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात बसते," ती व्यवस्थापिकेला म्हणाली. "तुमच्याकडचे कागद माझ्या हातून जातात. इतक्या माणसांमागे झोपेच्या इतक्या गोळ्या दुसऱ्या कुठल्याच घराला लागत नाहीत. हे लोक शांत का आहेत, ते मला चित्र न बघताही माहीत आहे."

व्यवस्थापिका आता मात्र हसली नाही.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" दादा म्हणाला.

"सांगणार होते. तू फक्त इथली लिफ्ट चांगली आहे, हेच सांगत राहिलास."

"चला," सासूबाई म्हणाल्या. "हे घर नापास." आणि त्या व्हरांड्यातून परत निघाल्या, इतक्या झपाट्याने की बाकीच्यांना मागे धावावं लागलं.

*

दुसरं घर वहिनीने सुचवलं. पूर्वी तिथे परिचारिकांचं वसतिगृह होतं. दुमजली, भिंतींना ओल आलेली, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. दादाने फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्याच्या डोळ्यांनी नेहमीचं काम सुरू केलं. जिन्याच्या कठड्याची एक सळई सैल. अग्निशामक नळकांड्याची मुदत दोन महिन्यांवर. हवेत फिनाईल आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. कोणीतरी मोठमोठ्याने भांडत होतं, कोणीतरी गात होतं, आणि एक म्हातारा टोपी घालून मुख्य दाराशी उभा राहून म्हणत होता, "उघडा, मला कामाला उशीर होतोय."

दार लाकडी होतं. त्याला सरळसरळ मोठं कुलूप होतं.

तिथल्या सिस्टर साठीच्या आतल्या, बसक्या आवाजाच्या. मनगटाला पट्टी. त्यांनी कोणाशीच हात मिळवला नाही; आईसमोर खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर दुसऱ्या खुर्चीत बसल्या.

"इथे का यायचंय तुम्हाला?"

"यायचं नाहीये," आई म्हणाली.

"मग?"

"मी रुळांवर गाडी लावली. माझ्या मुलीच्या दंडावर माझी बोटं उठलीत. दुसऱ्याच्या जिवावर उठणाऱ्याला मी कधी पास केलं नाही. आता स्वतःला कशी करू?"

धाकटीने तोंडावर हात धरला. दादाला वाटलं, आपण तिच्या खांद्यावर हात ठेवावा. पण सकाळपासून जे झालं होतं त्यानंतर तो हात तिला चालेल की नाही, याची खात्री नव्हती.

"तो म्हातारा तिथे किती वेळ उभा राहतो?" आईने विचारलं.

"दमेपर्यंत. संध्याकाळी पाच ते सात फार वाईट वेळ. सगळ्यांना घरी जायचं असतं. काही जण दारावर धडका मारतात."

"आणि तुम्ही?"

"शेजारी उभ्या राहतो. कधी ते आधी दमतात, कधी आम्ही."

"मारता?"

"आम्ही मार खातो." सिस्टरांनी पट्टीचं मनगट वर केलं. "हा चावा परवाचा. निवृत्त न्यायाधीश आहेत."

आई हसली. मनापासून, पोटातून. दादाने ते हसू कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"इथे रात्री डॉक्टर नाही," तो मधेच म्हणाला. "दोघांत एक न्हाणीघर. आणि लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजत नाही. मी आत्ता दाबून बघितली."

"माहीत आहे. दोनदा कळवलंय. डॉक्टर पाच मिनिटांवर राहतात, बोलावलं की येतात." सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "घंटा तुम्ही दुरुस्त करता का?"

"मी तपासतो. दुरुस्त करत नाही."

"तपासायला खूप लोक येतात," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा आईकडे वळल्या.

आईने अर्जाची चारही पानं वाचली. ओळीखाली बोट धरून, सावकाश. एका ठिकाणी अडली, वहिनीला अर्थ विचारला, पुढे गेली. मग पेन उचललं.

"थांब," धाकटी म्हणाली. "आई, थांब. मला जमेल गं. खरंच जमेल."

"तुला जमेल. मला नाही जमणार, तुला झिजताना बघायला." आईने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण सही तीच होती, अडतीस वर्षं प्रमाणपत्रांवर केलेली. "आता ऐका तिघंही. मी पुढे नाही म्हणेन. मला फसवलं म्हणेन. शिव्या देईन. तेव्हा माझं ऐकायचं नाही."

"हे मी कबूल करत नाही," धाकटी म्हणाली. डोळे वाहत होते आणि हनुवटी आईसारखीच पुढे आली होती. "परत नेणार नाही. पण ऐकायचं नाही, असं नाही. तू जे बोलशील ते सगळं ऐकेन."

आई तिच्याकडे बघत राहिली. "हट्टी आहेस."

"कोणाची?"

दादा उठून बाहेर गेला. गाडीच्या डिकीत त्याची हत्यारांची पेटी होती. नियमाप्रमाणे त्याने या लिफ्टला हात लावायला नको होता. त्याने लिफ्टचं दार अडकवून उघडं ठेवलं, बटणांची पट्टी उघडली आणि गुडघ्यांवर बसला. आत एक वायर गंजून तुटली होती. दहा मिनिटांचं काम. पण डोळ्यांपुढे वायर सारखी धूसर होत होती आणि त्याला अर्धा तास लागला.

टेकडीवरच्या घराला त्याने शुक्रवारी होकार दिला, तो ते सुरक्षित होतं म्हणून. हे खरं होतं. पण तिथले लोक शांत होते, भेटायला आलेल्या मुलाला कोणी काही विचारत नव्हतं, हेही खरं होतं. ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा आत्ताच सांगत होता.

बाहेर अंगणातून बोलणं ऐकू आलं. चादरींच्या पलीकडे आई आणि धाकटी बाकावर बसल्या होत्या. दुपार झाली होती.

"तुम्ही कोणाच्या?" आई विचारत होती. "शिकायला आलात का?"

दादाचा हात थांबला.

"हो," धाकटी म्हणाली. "शिकायला आले."

"भीती वाटते?"

"खूप."

"वाटू दे. ज्यांना वाटत नाही, तीच माणसं ठोकतात."

दादाने वायर जोडली, बटण दाबलं. घंटा इतक्या कर्कश वाजली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं आणि टोपीवाल्या म्हाताऱ्याने दाराशी उभ्याउभ्या टाळ्या वाजवल्या. सिस्टर व्हरांड्यात आल्या. दादाने तोंड पुसलं, उठला आणि म्हणाला, "टेकडीवर मी स्वतः फोन करून 'नको' म्हणून सांगतो. आणि त्या कठड्याची सळई सैल आहे. बुधवारी येऊन बसवून देतो."

*

खोलीत चार माणसं होती आणि एक सूटकेस. बाईंना ती सूटकेस ओळखीची वाटली, खोली नाही.

सकाळ होती, पण डोक्यात आज सकाळ झालेली नव्हती. पलंगाशी उभी असलेली मुलगी आपली आहे, हे बाईंना माहीत होतं. नाव ओठांवर येत नव्हतं. तो उंच मुलगाही आपलाच. चष्मेवाली बाई त्याची कोणीतरी. दाराशी भाऊ उभा होता, टोपी हातात घेऊन. म्हणजे काहीतरी वाईट घडलं असणार, एरवी तो टोपी काढत नाही.

"ही कोणाची खोली?"

"तुझी," मुलगी म्हणाली.

"माझी खोली घरी आहे. मला इथे कोणी आणलं?"

उंच मुलगा पुढे झाला. त्याच्या हातात कसलासा कागद होता, खाली वाकडी सही असलेला. "आई, तूच तर..."

"दादा," मुलगी म्हणाली. इतकंच. त्याने कागद पुन्हा खिशात घातला.

"आम्ही आणलं," मुलगी बाईंना म्हणाली. "मी आणि दादाने."

"मला न विचारता?"

मुलीने नजर हलवली नाही.

"का आणलं?"

"तुला सांभाळणं मला एकटीला जमत नाही, म्हणून."

"लाज नाही वाटत?"

"वाटते."

"मग?"

"वाटते, तरी आणलं."

बाईंना खूप राग आला. पायांपासून वर चढत गेला, छातीत मावेना. त्यांनी मुलीला नको नको ते बोलून घेतलं. तुला वाढवलं ते याच्यासाठी का, म्हणाल्या. मुलाला भित्रा म्हणाल्या. भावाला म्हणाल्या की, दोन वर्षं नुसत्या बाता मारतोयस. तो रडायला लागला. चष्मेवालीने त्याला खुर्ची दिली. कोणी उलट बोललं नाही आणि कोणी बाहेरही गेलं नाही. ती मुलगी तर इतकी लक्ष देऊन ऐकत होती, जणू नंतर कोणी तिला यातला शब्दन् शब्द विचारणार होतं.

शब्द संपले तेव्हा बाईंना धाप लागली होती.

"झालं?" मुलीने विचारलं.

"आज झालं."

"उद्या येऊ?"

"ये. उद्या आणखी बोलेन."

"ये म्हणालीस," मुलगी म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम फुटला. बाईंनी तिला जवळ ओढलं नाही. पण तिच्या डाव्या हाताची बाही वर सरकली होती, ती दोन बोटांनी खाली ओढून नीट केली.

"निघा आता. तुम्ही उभे राहिलात की मला बसवत नाही."

ते गेले. बाहेर दार लागल्याचा आवाज आला, कुलपात किल्ली फिरल्याचाही. बाईंनी तो नीट ऐकून घेतला.

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी बरी होती. खाली रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या, आणि त्यातली एक चुकीच्या बाजूने वळत होती. पण पलंग भिंतीकडे तोंड करून लावला होता. कोणी लावला असा? निजलेल्या माणसाने काय भिंत बघायची? बाईंनी कमरेला हात लावून अंदाज घेतला, पलंगाची कड धरली आणि ओढली. पलंग वीतभर सरकला आणि फरशीवर करकरला.

सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय?"

"हा पलंग चुकीचा लावलाय."

"मी हात लावू का?"

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माणूस नवीन दिसत होतं, पण खांदे मजबूत होते.

"लावा," बाई म्हणाल्या. "पण मी सांगेन तसा. तिकडून नाही, या बाजूने धरा. आणि मी म्हटल्याशिवाय उचलायचं नाही."